न वाचता दिलेले सात गुण

सर, परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. तुम्ही नव्हतात तेच बरं झालं. असता तर पहिली टाळी तुम्हीच वाजवली असती.

हो, टाळ्याच वाजल्या. तुमचा एक जुना विद्यार्थी, आता कुठल्याशा पतसंस्थेत कारकून आहे, माइकसमोर उभा राहिला, डोळे मिटले आणि 'पॅराग्राफ' म्हणजे काय याची इंग्रजी व्याख्या त्यानं धडाधडा म्हणून दाखवली. पाचवीत असताना पानगावकर सरांनी पाठ करून घेतली ती अजून विसरलो नाही, म्हणाला. लोकांना भरून आलं. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावले. मी मागे बसून मनात म्हणत होते, आता याच्या हातात कागद द्या आणि सांगा, लिही बाबा एक पॅराग्राफ. तिथेच घाम फुटला असता बिचाऱ्याला. त्यानंतर दोन मिनिटं शांतता पाळायची होती. मुख्याध्यापकांनी ती मिनिटभरात उरकली, कारण बाहेर पोरांची खिचडी गार होत होती.

सभा संपल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, सरांची ती टर्म्सची वही आपण छापू या. पाचवीत येणाऱ्या प्रत्येक पोराला एकेक. तुम्ही बावीस वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून इंग्रजीच शिकवलंत. सुरुवातीची दोन पानं तुम्ही लिहा. चांगलं लिहा."

मी म्हटलं, चांगलंच लिहायचं असेल तर दुसऱ्या कुणाला सांगा. त्यांना वाटलं, मला भरून आलंय. माझ्या खांद्यावर थोपटून गेले. असल्या माणसांपुढे खरं बोलायचीसुद्धा सोय राहिलेली नाही.

पण मी हे लिहायला बसले ती त्या वहीसाठी नाही. आज तुमचा तेरावा झाला. तुमच्या घरी जेवणाची पंगत उठत होती, तेव्हा तुमची नात सई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. सहावीतली पोर, तुमच्यासारखंच रुंद कपाळ. मला बाल्कनीत बोलावलं आणि हळूच विचारलं, "आजी, आजोबा माझ्यावर चिडले होते का?"

मी म्हटलं, सकाळी सांगते. ती उद्या सकाळी बापाबरोबर पुण्याला जाणार. तोवर मला ठरवायचंय की तुम्हाला दिलेला शब्द पाळायचा की त्या पोरीला खरं सांगायचं. म्हणून लिहितेय. तुमच्याशी भांडल्याशिवाय मला काही ठरवता येत नाही, ही सवय तुम्हीच लावलीत.

आधी त्या वहीबद्दल बोलते, कारण तो राग जुना आहे.

जूनचा अख्खा महिना तुमच्या वर्गात पुस्तक उघडायचं नाही. दोनशे पानी वही घ्यायची, तिला खाकी कव्हर घालायचं. डाव्या बाजूला निळ्या शाईनं शब्द, उजवीकडे लाल शाईनं व्याख्या, खाली पट्टीनं रेघ. अल्फाबेट, व्हॉवेल, कॉन्सोनंट, वर्ड, सेंटेन्स, नाउन, व्हर्ब, टायटल, पॅराग्राफ. मग रोज सकाळी साठ पोरांनी एका सुरात ओरडायचं. समोरचा पंक्चरवाला नाउनची व्याख्या म्हणत ट्यूब फुगवायचा, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. सगळे म्हणायचे, पानगावकर सर पाया पक्का करून घेतात. कसला पाया! नवीन पुस्तकाचं गाइड जुलैशिवाय दुकानात येत नसे, आणि गाइडातलं मराठी भाषांतर हातात आल्याशिवाय तुम्हाला धड्यात काय चाललंय ते कळत नसे. एवढीच तुमची शिस्त होती, सर. वेळ मारून न्यायची. आणि तिला आता लोक छापायला निघालेत.

ती सातवी ब मधली, विडी कामगारांच्या घरकुलातली मुलगी आठवते? घरी तेलुगू बोलणारी, दोन वेण्या घट्ट बांधून यायची. तुमच्याकडे दोन वर्षं काढून माझ्या वर्गात आली होती. सेंटेन्स म्हणजे काय विचारलं, तर एका दमात व्याख्या म्हणून मोकळी. मी खूश झाले. म्हटलं, छान, आता तुझ्या आईबद्दल एक वाक्य सांग बघू इंग्रजीत. ती उभीच. मी म्हटलं, बरं, मराठीत सांग.

"माजी आई विड्या वळती."

"हेच इंग्रजीत सांग."

तिनं दप्तरातून तुमची ती खाकी वही काढली, पानं उलटीसुलटी केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, आई ह्यात कुटंच न्हाय की."

मी ती वही घेऊन तशीच शिक्षकखोलीत आले आणि तुमच्यासमोर टेबलावर आपटली. तुम्ही चहा पीत होतात. काय म्हणालात? "बाई, पोरीचं अक्षर बघा, काय सुदारलंय." मला तुमची किळस आली होती त्या दिवशी. शब्द कडक आहे, पण तोच खरा आहे.

तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही हे मला मात्र त्याच्याही आधी कळलं होतं. माझं शाळेतलं पहिलंच वर्ष. अभ्यासक्रम बदललेला, गाइड अजून आलेलं नाही, आणि तुम्ही आठवीला एक धडा घेत होतात. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन, इकडेतिकडे बघत विचारलंत, "बाई, ह्यातला म्हातारा शेवटी मरतो का हो?" मी थट्टा समजले. त्या धड्यातला म्हातारा बाजारात जाऊन एक बैल विकतो आणि पायी घरी येतो, एवढंच आहे. मरण्याचा काही संबंधच नाही. तुम्ही तीन दिवस तो धडा शिकवत होतात, सर. नंतर पोरांकडून कळलं, तुम्ही त्यांना सगळे नाउन अधोरेखित करायला लावले होते आणि म्हातारा आजारी आहे असं सांगितलं होतं. का, तर चित्रात तो बसलेला होता.

तुमची पदवी इतिहासाची. शाळेला इंग्रजीला माणूस मिळेना, तेव्हा संस्थेनं तुमच्या गळ्यात तो विषय बांधला. हे सगळं मला माहीत आहे. सुटी अक्षरं लावून एकेक शब्द तुम्ही वाचायचात, पण चार शब्द एकत्र आले की तुम्हाला काही कळत नसे. त्यावर तुम्ही तीस वर्षं काढलीत आणि कुणाला पत्ता लागू दिला नाहीत. हे कसब मात्र खरंच होतं. साहेब तपासणीला आले की तुम्ही खडू त्यांच्याच हातात देऊन म्हणायचात, आज पोरांना तुमच्याकडूनच ऐकू द्या. साहेब फुगून जायचे. मी मात्र कुणाला काही बोलले नाही. तो माझा मोठेपणा आहे, असं मला वाटायचं.

आता दुसरी बाजू मी लिहिली नाही तर तुम्ही म्हणाल, बाई नेहमीप्रमाणे अर्धंच सांगतात. आमच्या ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी मी दीड महिना दवाखान्यात होते. माझे सगळे तास तुम्ही घेतलेत. माझ्या वर्गात तुम्ही काय शिकवलंत देव जाणे, बहुतेक नाउनच, पण एकाही दिवशी माझी गैरहजेरी कुणाच्या तोंडी येऊ दिली नाहीत. शनिवारी शाळा सुटली की दवाखान्याच्या जिन्यावर तुम्ही डबा घेऊन बसलेले असायचात. वहिनींच्या हातची कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर कांदा. वर यायचं नाही, भेटायचं नाही, डबा दिला की सायकलला टांग. पोरगं चार दिवस दिसलं नाही की तुम्ही त्याच्या दारात. मंगळवेढ्याकडच्या एका पोराला त्याच्या चुलत्यानं ज्वारीच्या काढणीला ठेवून घेतलं होतं, तर तुम्ही रविवारी एस.टी.नं जाऊन त्याला घेऊन आलात. तो पोरगा दहावी झाला. इंग्रजीत काठावर, पण झाला. माझ्या वर्गातून अशी पाच पोरं गळाली, आणि मी शुद्ध इंग्रजी शिकवत राहिले. हे मला तेव्हाही टोचायचं, म्हणूनच तर तुमचा आणखी राग यायचा.

आणि तुम्ही गेल्यापासून चहा बेचव लागतो. हे आपलं सांगून ठेवते.

आता पत्राचं.

गेल्या दिवाळीनंतर तुम्ही माझ्या घरी आलात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण अजून शाळेत निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक झेरॉक्स काढलीत आणि माझ्यापुढे ठेवलीत.

"बाई, एवढं जरा बघता का? आमच्या सईचं हाय. पोरगी फोनवर यीना झालीया माझ्याशी. माझं काय चुकलं ते बघा की."

सईला त्या वर्षी मराठी शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिनं तुम्हाला इंग्रजीत पत्र लिहिलं होतं, दीड पान. तुम्ही ते सगळ्या गल्लीत दाखवलंत, त्याची झेरॉक्स काढलीत, आणि मग मूळ पत्रावर लाल पेन चालवून ते तिला परत पाठवलंत. नामांखाली एक रेघ, क्रियापदांखाली दोन. वर लिहिलंत, शीर्षक नाही. बाजूला लिहिलंत, परिच्छेद पाडावेत. खाली दहापैकी सात गुण आणि तुमची ती झोकदार सही. नातीच्या पत्राला सही करून गुण देणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. आणि हे सगळं तुम्ही मोठ्या प्रेमानं केलं होतंत, हे तर आणखीच भयंकर.

मी ते पत्र तुम्हाला मराठीत वाचून दाखवलं. सईनं लिहिलं होतं, आजोबा, मला वर्गात उभं राहून वाचायला लावतात. मी अडखळते आणि सगळे हसतात. काल मी पोट दुखतंय असं खोटं सांगून घरी राहिले. आई म्हणते, तुझ्या आजोबांकडे बघ, ते इंग्लिशचे सर आहेत. आजोबा, तुम्हाला लहानपणी इंग्लिशची भीती वाटायची का? फक्त मला सांगा. मी कुणालाच सांगणार नाही.

वाचून झालं तेव्हा तुम्ही खिडकीकडे बघत होतात. मग म्हणालात, "पोर माझी भ्याली होती बाई. आन मी तिला सात दिले."

तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मायेनं चार शब्द बोलायला हवे होते. ते मला जमत नाही. मी म्हटलं, आता तरी लिहा तिला. तुम्ही झेरॉक्स माझ्याकडे सरकवलीत. "तुमी लिवा. इंग्लिशमदी. मी सही करतो."

इथं आपली जुंपली. मी म्हटलं, तुमच्या नातीला मराठी येतं. मराठीत लिहा, स्वतःच्या हातानं लिहा. "मला भीती वाटायची, अजूनही वाटते" एवढंच लिहा. दोन ओळी पुरे. तुम्ही एकदम ताठ झालात. "इंग्लिशच्या मास्तरानं मराठीत पत्र लिवायचं? तिच्या शाळंत कुणी बघितलं म्हंजे?" मी म्हटलं, तुमची नात तिकडे शाळा बुडवतेय आणि तुम्हाला तुमच्या नावाची पडलीय. नकाच लिहू मग. तुम्ही उठलात, चपला घातल्यात. दारात थांबून म्हणालात, "बाई, हे कुणाला बोलू नका. सईला तर न्हाईच." मी हो म्हटलं. रागानं म्हटलं, पण हो म्हटलं.

पुढे ती कधी फोनवर आलीच, तरी तुम्ही तिला "अभ्यास कर" याच्यापलीकडे काही बोलला नाहीत. आणि मग तुम्ही गेलात. लोक म्हणतात, हाल न होता गेले, पुण्यवान माणूस. असेल. पोरीला मात्र उत्तर मिळालं नाही. तिला वाटतं, तिनं आपलं दुखणं सांगितलं आणि आजोबांनी त्यातल्या चुका काढल्या. मोठी होऊन ती तुम्हाला असंच ओळखणार. आणि शब्द पाळून मी त्याला हातभार लावणार.

इथपर्यंत काल दुपारी लिहिलं. आज सकाळी तुमच्या घरी जाऊन आले. आता दहा वाजलेत, त्यांची गाडी कुर्डुवाडीही सोडून गेली असेल.

मी तिला सांगितलं, सर. शब्द मोडला. तुमचा मुलगा खाली रिक्षा आणायला गेला होता, वहिनी आतल्या खोलीत होत्या. सई पायरीवर बॅग घेऊन बसली होती. मी शेजारी बसले आणि म्हटलं, आजोबा चिडले नव्हते. तू काय लिहिलंयस ते त्यांना कळलंच नव्हतं.

"का? माझं अक्षर वाईट होतं?"

"अक्षर चांगलं होतं. त्यांना इंग्रजी वाचायला येत नव्हतं."

"पण ते इंग्लिशचे सर होते."

"होते."

"मग त्यांना भीती नाही वाटायची?"

"रोज वाटायची. तीस वर्षं. नंतर मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा ते रडले. तुला लिहायचं होतं त्यांना. लाज वाटली."

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा मात्र मोकळा झाला. जरा चिडलीसुद्धा. "मग मला सांगायचं ना! मी लिहिलं होतं की, कुणाला सांगणार नाही म्हणून." मग बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आजोबा पण अडखळायचे," आणि हे असं म्हणाली की जणू तिला तुमच्याकडून काहीतरी मिळालं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मनात म्हटलं, बघा सर, दोन ओळींचं काम होतं, शेवटी मलाच करावं लागलं.

खाली रिक्षा थांबली. सई उठली, दोन पायऱ्या उतरली आणि वळली.

"आजी, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"तुझ्या जन्माच्याही आधीपासून."

"आणि तुम्हाला इंग्लिश येतं ना?"

"येतं."

"मग तुम्ही त्यांना शिकवलं का नाही?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "ते मोठे होते गं, मोठ्या माणसांना कसं शिकवायचं." तिनं मान डोलावली. पोरं तुमच्या व्याख्येला डोलवायची तशीच, न पटता. मग बापानं हाक मारली आणि ती गेली.

सर, एका मे महिन्यात आपण दोघं वार्षिक परीक्षेचे पेपर बांधत होतो. मी दोरीची गाठ मारत होते आणि तुम्ही गाठीवर बोट धरलं होतंत. शिक्षकखोलीत दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "बाई, सुट्टीत रोज तासभर बसावं म्हणतो तुमच्यापाशी. पोरांचीच पुस्तकं वाचू. पयलीपासनं." पन्नाशीला आला होतात तुम्ही. काय बेतानं ते वाक्य आणलं असेल माझ्यापर्यंत, किती दिवस मनात घोळवलं असेल. मी गाठ आवळली आणि म्हटलं, सुट्टीत मला मुळीच वेळ नसतो हो सर. तुम्ही "बरं बरं" म्हणालात आणि बोट काढून घेतलंत. पुन्हा कधी विचारलं नाहीत. त्यानंतरही मी तुमच्यावर हसत राहिले, आणि तुमच्या हातून शेकड्यांनी पोरं पुढे गेली.

हे मी सईला सांगितलं नाही. तुमची लाज तिच्यापुढे उघडी करायला मला पाच मिनिटं पुरली. माझी सांगायला तोंड उघडलं नाही.

त्या सुट्टीत मला काहीही काम नव्हतं, सर.